आर्थर व्हार्टन : एक विस्मृत गोलरक्षक

घाना, नायजेरिया, सेनेगल येथील खेळाडू युरोपातील फुटबॉल-संघांतून खेळताना पाहण्याची आपल्या डोळ्यांस आता इतकी सवय झाली आहे की, हा प्रघात फार तर चाळीस-पन्नास वर्षांचा असावा असे सहज वाटते. वास्तविक पश्चिम आफ्रिकेत जन्मलेला एक गृहस्थ १८८९ सालीच इंग्लंडात वेतन घेऊन फुटबॉल खेळू लागला होता.

आर्थर व्हार्टन याचा जन्म २८ ऑक्टोबर १८६५ रोजी गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, अक्रा येथे झाला. वडील मूळचे वेस्ट इंडीजमधील ग्रेनाडा बेटाचे, मेथडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक. आईचा आप्तसंबंध फान्ती राजकुळाशी. मुलानेही धर्मकार्यास वाहून घ्यावे या हेतूने त्यास डार्लिंग्टनच्या क्लीव्हलंड कॉलेजात धाडण्यात आले. परंतु चिरंजीवांचे चित्त प्रवचनापेक्षा क्रीडांगणावरच अधिक रमले! १८८६ साली लंडनमधील हौशी खेळाडूंच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्याने शंभर यार्डांची शर्यत दहा सेकंदांत जिंकली. पुढील वर्षीही विजेता तोच.

असा वेगवान मनुष्य गोल राखण्यास उभा राहावा याचे आजच्या वाचकास नवल वाटेल. तथापि त्या काळचा गोलरक्षक म्हणजे दोन खांबांमध्ये जखडलेला पहारेकरी नव्हे. मैदानाच्या आपल्या अर्ध्या भागात कोठेही चेंडू हाताळण्याची त्यास मुभा असे. ती १९१२ साली काढून घेण्यात आली. उलटपक्षी, प्रतिपक्षाचे गडी त्याच्या अंगावर धावून जाऊन त्यास खुशाल धक्के देत. व्हार्टनने एकदा आडव्या दांड्यास लोंबकळून चेंडू दोन्ही पायांत पकडला आणि धावून आलेले तिघे प्रतिस्पर्धी थेट जाळ्यात जाऊन पडले, अशी आठवण एका वृद्ध प्रेक्षकाने अनेक वर्षांनंतर लिहून ठेवली आहे. तीत थोडे तिखटमीठ असेलही. पण असे किस्से सामान्य खेळाडूंभोवती गोळा होत नाहीत.

प्रेस्टन नॉर्थ एंडतर्फे तो १८८७ साली एफ. ए. कपच्या उपान्त्य सामन्यात खेळला. पुढे त्याने तो संघ सोडला, आणि १८८८-८९ च्या हंगामात त्याच संघाने एकही सामना न गमावता लीग व कप दोन्ही जिंकले. दैवाची थट्टा म्हणावी ती हीच.

१८८९ साली तो रॉदरहॅम टाउनचा धंदेवाईक खेळाडू झाला. हे पाऊल दिसते तितके साधे नव्हते. फुटबॉलमध्ये पैसे घेण्यास अधिकृत मान्यता मिळून तेव्हा जेमतेम चार वर्षे झाली होती. हौशी खेळाडू तो सभ्य गृहस्थ आणि वेतन घेणारा तो मजूर, ही समजूत इंग्रज समाजात पक्की होती. व्हार्टन विस्मृतीत गेला तो त्याच्या वर्णामुळे, असे सांगण्यात येते. त्यात तथ्य आहेच. पण आमच्या मते अर्धेच. सुशिक्षित, कुलीन घरचा मुलगा आपण होऊन श्रमिकांच्या पंक्तीस जाऊन बसला, आणि इंग्लंडातील श्रमिकांचे चरित्र त्या काळी कोण लिहीत होते? शर्यतीतील पराक्रमाची नोंद राहिली. पुढील आयुष्याची मात्र वर्तमानपत्रांच्या जुन्या रकान्यांतून वेचावी लागली.

१८९४ साली शेफील्ड युनायटेडने त्यास घेतले. तेथे मुख्य गोलरक्षक अवाढव्य देहाचा विल्यम फोक. त्यामुळे व्हार्टनच्या वाट्यास संधी थोडीच आली. १८९५ मध्ये संडरलँडविरुद्ध तो पहिल्या विभागात खेळला. इंग्लंडच्या त्या सर्वोच्च पातळीवर उतरलेला तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू होय. त्यानंतर लहानसहान संघ, आणि १९०१-०२ मध्ये स्टॉकपोर्ट काउंटी येथे कारकिर्दीची अखेर.

उत्तरायुष्यात तो यॉर्कशरमधील एडलिंग्टन येथील कोळशाच्या खाणीत वाहतुकीच्या कामावर मजूर होता. डिसेंबर १९३० मध्ये तो निवर्तला. त्याच्या थडग्यावर नावाचा दगड बसला तो १९९७ साली, म्हणजे सदुसष्ट वर्षांनी. २००३ मध्ये इंग्लिश फुटबॉलच्या मानवंत खेळाडूंच्या यादीत त्याचे नाव घालण्यात आले. आणि २०१४ साली इंग्लंडच्या राष्ट्रीय फुटबॉल केंद्रात, सेंट जॉर्जेस पार्क येथे, त्याचा पुतळा उभारण्यात आला.