गावाकडच्या रेडिओचं शहरी कूळ

अमेरिकेतल्या लहान गावांच्या रेडिओ केंद्रांवर दिवसभर कंट्री गाणी आणि शुक्रवारी रात्री गावच्या हायस्कूलच्या फुटबॉल सामन्याचं धावतं वर्णन, ही जोडी इतकी अंगवळणी पडली आहे की ती त्या मातीतच उगवली असं वाटावं. कूळ शोधायला गेलं तर मात्र दोन्ही धागे शहरात निघतात. बेसबॉल सामन्याचं पहिलं रेडिओ वर्णन 5 ऑगस्ट 1921 रोजी पिट्सबर्गच्या केडीकेएवरून हॅरल्ड आर्लिनने केलं. 1924 मध्ये शिकागोच्या डब्ल्यूएलएसने ग्रामीण वाद्यवृंदाचा ‘बार्न डान्स’ सुरू केला. हे केंद्र टपालाने माल विकणाऱ्या सीअर्स रोबकचं. पुढच्याच वर्षी नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएमने तोच घाट उचलला, त्याची मालक विमा कंपनी. त्यातून ‘ग्रँड ओल ऑप्री’ घडलं. शेतकऱ्याला माल आणि विमा विकायचा, तर आधी त्याचा फिडल ऐकवायचा, असा हा सरळ हिशेब.

संगीत आणि वादक तर खेड्यांतलेच होते, असं कुणी म्हणेल. होतेच, पण प्रश्न संगीताचा नाही, केंद्राचा आहे. लहान गावांत केंद्रं भराभर उभी राहिली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. लवकरच टीव्हीने मोठ्या नेटवर्कची नाटकं आणि विनोदवीर पळवले, आणि रिकामे तास एक निवेदक व तबकड्यांच्या चळतीवर भागवावे लागले. त्या चळतीत कंट्री गाणी भरपूर असण्यामागेही पैशाचं भांडण आहे. ॲस्कॅप या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेने दर वाढवले, तेव्हा 1941 मध्ये केंद्रांनी तिची गाणी बंद करून स्वतः काढलेल्या बीएमआय या संस्थेचा आधार घेतला. ॲस्कॅपने ज्यांना फारसं विचारलं नव्हतं, त्या ‘हिलबिली’, म्हणजे कंट्री गीतकारांना हे दार उघडं मिळालं. तरी 1961 मध्ये पूर्णवेळ कंट्री केंद्रं 81 च होती. दशक संपेपर्यंत ती सहाशेच्या पुढे गेली. जिला अनादि परंपरा मानतात तिचं वय एवढंच.

तबकडी शेजारच्या गावचं केंद्रही लावू शकतं, सामना मात्र ज्याचा त्याचाच. गावची बँक किंवा ट्रॅक्टरविक्रेता पैसे देतो ते सामना ऐकणाऱ्या श्रोत्यांसाठी. यावर आक्षेप असा की शाळेच्या संघावरचं प्रेम जाहिरातीआधीचं आहे. खरं आहे, पण नुसत्या प्रेमाने प्रक्षेपण होत नाही. एएम लहरी रात्री फार दूर पसरतात, म्हणून अनेक लहान केंद्रांचा परवाना सूर्यास्ताला संपे, आणि सामना तर दिव्यांच्या उजेडात. एफएम आल्यावरच अशा मालकांना रात्र मोकळी झाली. शुक्रवारही आपोआप शाळांच्या वाट्याला आला नाही: 1961 च्या कायद्याने व्यावसायिक फुटबॉलच्या सामूहिक टीव्ही करारांना मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट दिली, पण हंगामात शुक्रवारी रात्री आणि शनिवारी जवळपास महाविद्यालयाचा सामना असेल तर ती लागू नव्हती, 1966 मध्ये हे संरक्षण हायस्कूललाही मिळालं.