ऑर्थोपेडिक सर्जन

ऑर्थोपेडिक सर्जन : हाडे, सांधे, स्नायू, अस्थिबंध आणि मणका यांचे विकार व इजा यांवर उपचार आणि शस्त्रक्रिया करणारे तज्ज्ञ डॉक्टर. मराठीत त्यांना अस्थिरोगतज्ज्ञ म्हणतात. बोलताना ‘हाडांचे डॉक्टर’ किंवा नुसते ‘ऑर्थो’. भारतात एम.बी.बी.एस. नंतर एम.एस. (ऑर्थो) ही तीन वर्षांची पदव्युत्तर पदवी घेऊन या शाखेत काम करता येते.

व्युत्पत्ती : मूळ शब्द ग्रीक. ‘ऑर्थोस’ म्हणजे सरळ आणि ‘पायदिऑन’ म्हणजे लहान मूल. मुलाचे वाकडे अंग सरळ करणे, एवढाच त्याचा मूळ अर्थ. हाडाचा त्यात उल्लेखही नाही. ‘पेड’ म्हणजे पाय अशी समजूत लॅटिन शब्दामुळे होते, ती चुकीची आहे. ‘पेडिअ‍ॅट्रिक’मधला ‘पेड’ मात्र मूल या अर्थाचा हाच.

इतिहास : फ्रेंच वैद्य नीकोला आंद्री (१६५८–१७४२) यांनी १७४१ साली, वयाची ऐंशी उलटल्यावर, मुलांच्या शरीरातील व्यंगे टाळण्याविषयी व सुधारण्याविषयी ग्रंथ लिहिला आणि त्यासाठी ‘ऑर्थोपेदी’ हा शब्द घडवला. आंद्री शस्त्रक्रिया करणारे नव्हते, आणि ग्रंथही प्रामुख्याने आईवडिलांसाठी होता. मूल कसे बसते, कसे उभे राहते याकडे लक्ष द्यावे, असा त्याचा रोख. ग्रंथातील एका चित्रात वाकडे झाड सरळ खांबाला दोरीने बांधलेले दिसते. हेच चित्र पुढे जगभरातील अनेक ऑर्थोपेडिक संस्थांचे बोधचिन्ह झाले.

स्वित्झर्लंडमधील ओर्ब येथे झाँ-आंद्रे व्हेनेल यांनी १७८० साली व्यंग असलेल्या मुलांसाठी खास संस्था काढली. नावात ‘सर्जन’ जोडण्याजोगे काम एकोणिसाव्या शतकात सुरू झाले. जर्मन सर्जन श्ट्रोमायर यांनी टाचेवरची कंडरा त्वचेखालून छेदून वाकडे पाऊल सरळ करण्याची पद्धत रूढ केली. इंग्रज डॉक्टर विल्यम लिटल यांनी १८३६ साली स्वतःच्या पायावर त्यांच्याकडून ही शस्त्रक्रिया करून घेतली आणि परतल्यावर लंडनमध्ये ऑर्थोपेडिक रुग्णालय उभारण्यात पुढाकार घेतला.

अर्थविस्तार : मोडलेली हाडे बसवणे तेव्हा सामान्य सर्जन आणि हाडे बसवणारे पारंपरिक लोक यांच्याकडे होते. पहिल्या महायुद्धात हे चित्र पालटले. मांडीचे हाड मोडलेल्या सैनिकांसाठी रॉबर्ट जोन्स यांनी आपले नातलग ह्यू ओवेन टॉमस यांची फळी (टॉमस स्प्लिंट) वापरात आणली. तिने अनेकांचे प्राण वाचले. प्रौढांचे अस्थिभंगही मग या शाखेकडे आले. मुलांसाठी घडलेले नाव मात्र कायम राहिले, आणि गुडघा बदलायला आलेल्या आजींवरही आज ‘ऑर्थोपेडिक’ विभागातच उपचार होतात.

भारतीय परंपरा : सुश्रुतसंहितेत हाड मोडण्याचे बारा आणि सांधा निखळण्याचे सहा प्रकार सांगितले असून मोडलेला भाग बांबूच्या किंवा झाडाच्या सालीच्या पट्ट्यांनी बांधण्याची रीत दिली आहे. गावोगावचे हाडवैद्य अशाच पट्ट्या बांधत आले. आधुनिक तज्ज्ञांची ‘इंडियन ऑर्थोपेडिक असोसिएशन’ ही संघटना १९५५ साली स्थापन झाली.