चातुर्मासाचा नेम आणि गांवचें पाणी

आषाढी एकादशी जवळ आली कीं महाराष्ट्रांत घरोघर एक प्रश्न विचारला जातो : यंदा नेम कोणता ? कोणी कांदा-लसूण सोडतें, कोणी वांगें सोडतें, कोणी दिवसांतून एकदांच जेवतें, कोणी तुळशीला पाणी घातल्यावांचून तोंडांत अन्न घालीत नाहीं. कार्तिकी एकादशीपर्यंतचा हा चार महिन्यांचा काळ म्हणजे चातुर्मास. गोष्ट लहान, मुदत ठरलेली, आणि साक्षीदार घरांतलींच माणसें. सवय लावण्याची ही फार जुनी शाळा आहे, आणि परतुरासारख्या तालुक्याच्या गांवीं तिचे वर्ग अजून भरतात.

या शाळेची आठवण आज मुद्दाम करण्यासारखी आहे. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागांतील पर्थ शहरांत २०११ सालीं थोड्या लोकांनीं असा निश्चय केला कीं, जुलै महिनाभर एकदां वापरून फेकून देण्याचें प्लास्टिक घरांत आणावयाचें नाहीं. हा निश्चय पुढें अनेक देशांत पसरला. तेव्हांपासून महिनाभर पायीं चालण्याचें, पाणी मोजून वापरण्याचें, नवें कापड न घेण्याचें आव्हान माणूस स्वतःलाच देऊं लागला आहे. आव्हान हें नांव नवें, वस्तु जुनीच. एकट्या माणसानें घेतलेल्या नेमानें भोंवतालची माती, पाणी आणि रस्ता केव्हां सुधारतो आणि केव्हां सुधारत नाहीं, हें इतिहासांत पाहिलें म्हणजे या आव्हानांचेंही मोल ठरवितां येईल.

स्वतःची परीक्षा स्वतःच घेण्याचा एक प्रसिद्ध प्रयोग अठराव्या शतकांत अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं झाला. बेंजामिन फ्रँकलिन या गृहस्थानें तेरा सद्गुण निवडले. त्यांत काटकसर होती, स्वच्छता होती, व्यवस्थितपणा होता. एका लहानशा वहींत प्रत्येक गुणाला एक पान दिलें, पानावर सात वारांचे सात रकाने आंखले, आणि चूक झाली कीं त्या रकान्यांत काळा ठिपका द्यावयाचा असा क्रम ठेविला. एका आठवड्यांत एकाच गुणाकडे विशेष लक्ष. तेरा आठवड्यांत एक फेरी. वर्षांत चार फेऱ्या. व्यवस्थितपणाच्या विषयांत तो कधींच धड उत्तीर्ण झाला नाहीं, हें त्यानें आत्मचरित्रांत मोकळेपणानें लिहिलें आहे. तरी या खटाटोपानें आपण पूर्वींपेक्षां अधिक चांगले आणि सुखी झालों, असेंही तो सांगतो.

सवय किती दिवसांत अंगवळणीं पडते, हें अलीकडे मोजलेंही गेलें आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांतील संशोधकांनीं ९६ माणसांवर केलेला प्रयोग २०१० सालीं छापून आला. प्रत्येकानें खाण्या-पिण्याची किंवा व्यायामाची एक लहानशी गोष्ट निवडली आणि ती रोज ठराविक प्रसंगीं करावयाची असें ठरविलें. ती गोष्ट विचार न करतां हातून घडूं लागण्यास सरासरीनें ६६ दिवस लागले. कोणास १८ दिवस पुरले, तर कोणाच्या बाबतींत हिशेब २५४ दिवसांपर्यंत गेला. एखादा दिवस चुकला म्हणून फारसें बिघडत नाहीं, असेंही दिसून आलें. या हिशेबानें महिन्याभराचें आव्हान बहुतेकांना अपुरें पडेल. चातुर्मास मात्र सुमारें १२० दिवसांचा असतो. ज्यांनीं ही मुदत घातली त्यांच्यापाशीं प्रयोगशाळा नव्हती. परंतु माणसाच्या स्वभावाची त्यांची पारख कच्ची नव्हती.

असें असूनही चातुर्मासाच्या नेमांत एक उणीव राहून गेली. चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्यास वांग्याचें भरीत आणि रोडगा होतो, आणि चार महिने सोडलेलें वांगें पुन्हां ताटांत येतें. सोडलेली वस्तु अशी होती कीं ती सोडल्यानें शेजाऱ्याचें कांहीं बिघडत नव्हतें आणि कांहीं सुधारतही नव्हतें. नेमाचें पुण्य नेम करणाऱ्याच्या पदरीं पडत होतें. गल्लींतली घाण गल्लींतच राहत होती, आणि ती उचलण्याचें काम एका जातीच्या माथीं मारलेलें होतें. नेमाचा हा रोख घराकडून गांवाकडे वळविला गेला तो विसाव्या शतकांत, आणि तो वळविणारा पहिला थोर पुरुष एक निरक्षर वऱ्हाडी परीट होता.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजीं अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांव येथें झाला. १९०५ सालीं त्यांनीं घर सोडलें. अंगावर चिंध्यांची गोधडी, हातांत मातीचें गाडगें आणि खराटा. याच गाडग्यावरून लोक त्यांना गाडगेबाबा म्हणूं लागले. ज्या गांवीं जात तेथील रस्ते ते प्रथम झाडून काढीत, आणि रात्रीं कीर्तन करीत. दिवसा जी घाण खराट्यानें काढली, तिचेंच निरूपण रात्रीं अस्पृश्यता, कर्ज, व्यसन आणि पशुहत्या या नांवांनीं होई. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथें त्यांनीं यात्रेकरूंसाठीं धर्मशाळा उभारल्या. स्वतः मात्र झोपडीपलीकडे कांहीं इच्छिलें नाहीं. २० डिसेंबर १९५६ रोजीं अमरावतीजवळ वलगांवपाशीं पेढी नदीच्या कांठीं त्यांचा देह पडला. पन्नास वर्षांहून अधिक काळ त्यांचा खराटा थांबला नव्हता. त्यांच्या नेमाला कार्तिकी एकादशी नव्हती.

दुसरा प्रयोग तुरुंगांत झाला. सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन, म्हणजे कोंकणांतील लोकांचे अप्पासाहेब, १९३२ सालीं रत्नागिरीच्या तुरुंगांत होते. तुरुंगांतील संडास साफ करण्याचें काम नियमानें ठराविक जातीच्या कैद्यांसच दिलें जात असे. अप्पासाहेबांनीं तें काम स्वतःस मागितलें. अधिकाऱ्यांनीं नाकारलें, तेव्हां त्यांनीं अन्न कमी केलें. ही वार्ता येरवड्याच्या तुरुंगांत गांधीजींस कळली आणि डिसेंबर १९३२ मध्यें त्यांनींही सहानुभूतीचा उपवास आरंभिला. सरकारनें प्रश्नाचा विचार करण्याचें आश्वासन दिल्यावर तो सुटला. घाण काम मिळावें म्हणून उपास करणारा उच्चवर्णीय मनुष्य हें दृश्य त्या काळीं नवेंच होतें. अप्पासाहेब तेवढ्यावर थांबले नाहींत. १९४८ सालीं कणकवलीस त्यांनीं गोपुरी आश्रम स्थापिला आणि मैल्याचें खत करणाऱ्या, कोणाला हातानें उपसावा न लागणाऱ्या सोप्या संडासाचे प्रयोग चालविले. शेतकऱ्यानें या खतास सोनखत हें नांव पूर्वींच दिलेलें आहे. जें सोनें होऊं शकतें तें उघड्यावर टाकून रोग ओढवून घ्यावयाचा, आणि वर तें उचलणाऱ्यास हीन लेखावयाचें, हा दुहेरी तोटा त्यांनीं लोकांस दाखविला.

तिसरा प्रयोग वर्ध्याजवळील पवनारचा. विनोबा भावे १९३८ पासून तेथें धाम नदीच्या कांठीं राहत होते. १९४६ सालीं त्यांनीं जवळच्या सुरगांव या खेड्यांत रोज भंगीकाम करण्याचा नेम घेतला. खांद्यावर फावडें टाकून ते पायीं जात, रस्त्याकडेचा मैला उचलून मातीखालीं झांकीत, आणि परत येत. ऊन असो कीं पाऊस असो, नागा होत नसे. एकदां ओढ्यास पूर आला आणि पलीकडे जातां येईना. तेव्हां विनोबांनीं कांठावरूनच पलीकडील एका मनुष्यास हांक मारून निरोप दिला कीं, गांवचा भंगी येऊन गेला, एवढें देवळांतल्या देवास सांगा. हें काम किती दिवस चालणार असें कोणी विचारलें, तर ते वीस वर्षें असें उत्तर देत. आजचीं मुलें मोठीं होईपर्यंत तरी हें चाललें पाहिजे, कारण बदलावयाचें तें लोकांचें मन आहे, असा त्यांचा हिशेब होता. १९४८ च्या जानेवारींत गांधीजींची हत्या झाली, विनोबांवर दुसऱ्या जबाबदाऱ्या आल्या, आणि हा क्रम खंडित झाला. वीस वर्षांच्या संकल्पांतील पुरतीं दोन वर्षेंही झालीं नव्हतीं. तरीसुद्धां ओढ्याच्या कांठावरचा तो निरोप नेमाच्या इतिहासांत ठेवण्यासारखा आहे. काम झालें नाहीं तरी हजेरी चुकूं द्यावयाची नाहीं, हें त्यांत आहे.

या तिघांच्या वर्तनांत एक समान धागा आहे. आपण जें वापरतों त्याचें शेवटचें टोंक कोठें जातें तिकडे हे तिघेही गेले, आणि तें टोंक त्यांनीं आपल्या हातांत घेतलें. खाणारा एक आणि उष्टें काढणारा दुसरा, अशी वांटणी जोंपर्यंत आहे तोंपर्यंत खाणाऱ्यास उष्टें किती पडतें याची जाणीव होत नाहीं. हातानें मैला उचलण्यास माणसें लावणें १९९३ च्या कायद्यानें गुन्हा ठरलें, २०१३ सालीं त्यासाठीं अधिक कडक कायदा झाला. एवढीं वर्षें कायद्यास लागलीं, यावरूनच ही वांटणी किती खोल रुजली होती हें ध्यानांत येतें.

पुढें सरकारनेंही हा धागा उचलला. आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असतांना २०००-०१ सालीं महाराष्ट्रांत संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालें, आणि स्वच्छ गांवांना बक्षिसें मिळूं लागलीं. बक्षिसानें गांव जागें होतें हें खरें. परंतु तपासणीचा दिवस वर्षांत एकदां उगवतो आणि कचरा रोज पडतो. २ ऑक्टोबर २०२० रोजीं राज्यांत माझी वसुंधरा अभियान निघालें. पृथ्वी, जल, वायु, अग्नि आणि आकाश या पंचमहाभूतांच्या नांवें नागरिकांनीं शपथ घ्यावी अशी त्यांत योजना झाली. शपथ घेण्यास एक क्षण पुरतो. तिला वेळ, माप आणि मुदत जोडली, तरच तिचा नेम होतो.

मराठवाड्यांत या नेमाची खरी कसोटी पाण्यापाशीं लागते. परतूर हें गांव १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होतें. पुढें तें परभणी जिल्ह्यांत राहिलें, आणि १ मे १९८१ रोजीं नवा जालना जिल्हा झाला तेव्हां त्यांत आलें. राज्यें आणि जिल्हे बदलले, पाण्याची चिंता तीच राहिली. या तालुक्यांतून वाहणारी दुधना पुढें पूर्णेला आणि पूर्णा गोदावरीला मिळते. सेलू तालुक्यांतील ब्रह्मवाकडी येथें बांधलेल्या निम्न दुधना धरणाचा जलाशय परतूर तालुक्यांत पसरला आहे. तरीही १९७२ चा दुष्काळ या भागानें सोसला, आणि २०१३ च्या उन्हाळ्यांत जालना जिल्हा राज्यांतील अत्यंत होरपळलेल्या जिल्ह्यांपैकीं एक होता. २०१६ च्या एप्रिलमध्यें तर लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें. धरण पाणी सांठवितें. सांठलेलें पाणी जपून वापरण्याची बुद्धि धरण देत नाहीं.

ही बुद्धि नेमानें आलेली पाहावयाची असेल, तर अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजारकडे पाहावें. १९८९ सालीं पोपटराव पवार तेथें सरपंच झाले. झाड तोडावयाचें नाहीं, जनावर मोकाट चारावयाचें नाहीं, दारू नाहीं, आणि श्रमदान चुकवावयाचें नाहीं, असे नियम गांवानें स्वतःवर घालून घेतले. पुढें पावसाळा संपला कीं किती पाऊस पडला तें मोजावयाचें, आणि त्याप्रमाणें कोणतें पीक घ्यावयाचें तें ग्रामसभेंत ठरवावयाचें, अशी रीत पडली. घरांत जसा पगाराचा हिशेब, तसा गांवांत पाण्याचा. जालना जिल्ह्यांतही कडवंचीनें पाणलोटाचीं कामें केलीं आणि शेततळीं खोदलीं. दुष्काळांतही तेथील द्राक्षबागा तगल्या. दोन्ही ठिकाणीं पाऊस शेजारच्या गांवांपेक्षां अधिक पडला असें नाहीं. पडलेला पाऊस मोजला आणि जपला गेला, एवढेंच.

परतुरांतील एखाद्या घरानें येत्या आषाढींत वांग्याबरोबर आणखी एक गोष्ट सोडली, तर तिचा हिशेब अंकगणिताच्या पहिल्या पुस्तकांतला आहे. घरांत माणसें पांच. प्रत्येकानें रोज दहा लिटरांची एक बादली वांचविली : तोंड धुतांना नळ बंद ठेवून, भाज्या धुतलेलें पाणी झाडाला घालून, पाहुण्याला पेला अर्धाच भरून देऊन. दिवसाचे पन्नास लिटर झाले, आणि चातुर्मासाच्या १२० दिवसांचे सहा हजार. ग्रामीण नळयोजनेंत दर माणशीं रोज ५५ लिटर पाणी धरलेलें आहे. म्हणजे एका घराच्या एका नेमांत एका माणसाचें साडेतीन महिन्यांचें पाणी सांठलेलें असतें. कापडी पिशवी घेऊन बाजारास जाण्याचा, ओला कचरा परसांतल्या खड्ड्यांत घालण्याचा, आणि आपल्या दारापुढचें गटार आपणच मोकळें करण्याचा हिशेबही असाच मांडतां येतो. भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत रोज एक खूण करावी, म्हणजे फ्रँकलिनची वही वेगळी विकत आणावयास नको. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशीं पुन्हां खूण करावी.

प्रश्न राहतो तो उद्यापनाचा. जुन्या रीतींत नेम पुरा झाला कीं सोडलेली वस्तु दान करावयाची आणि मग स्वतः घ्यावयाची. पाण्याच्या नेमाचें उद्यापन कार्तिकींत कसें करणार ? तेव्हां पावसाळा संपलेला असतो आणि आठ महिन्यांचा कोरडा काळ समोर उभा असतो. वांगें चंपाषष्ठीला परत ताटांत आलें तरी हरकत नाहीं. नळ मात्र बंदच राहावा. चार महिन्यांत हाताला जी सवय लागली, तिचा खरा उपयोग चैत्र-वैशाखांत होतो, आणि तोंपर्यंत ती टिकली तर पुढच्या आषाढींत त्या घरास दुसरा एखादा नेम शोधावा लागेल.