‘विक्रांत’वरील सी हॉक

दुबलगुंडीहून समुद्र फार दूर. तरीही नौदलाच्या एका लढाऊ विमानाची लाकडी प्रतिकृती आम्ही करावयास घेतली. ते विमान ‘सी हॉक’. १९७१ च्या युद्धात, ४ डिसेंबर रोजी, ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेवरून उडून याच विमानांनी कॉक्स बझार व चितगाव येथे हल्ले चढविले. नौकेचा एक बॉयलर नादुरुस्त असतानाही ती मोहिमेवर निघाली होती.

प्रमाण १:७२ ठरविले. पसरलेल्या पंखांचे मूळ माप ११.८९ मीटर, आमच्याकडे ते साडेसोळा सेंटिमीटर भरले. खरी कसोटी पंखांच्या मुळाशी लागली. इंजिन एकच, पण त्याचा झोत दुभंगून दोन्ही बाजूंनी बाहेर पडतो, म्हणून धडाच्या मागील भागात इंधनाला जागा मिळते. शेपटीखालचा आकडा उतरताना नौकेवरील तार पकडतो. जागेच्या टंचाईमुळे पंख वर दुमडता येतात. आम्ही ते मुद्दाम दुमडलेलेच ठेवले. विमान पाहताच नौका आठवावी, एवढाच हेतू.

कारण ती नौका आता उरलेली नाही. मुंबईत काही वर्षे संग्रहालय म्हणून उभी असलेली ‘विक्रांत’ २०१४ मध्ये मोडीत निघाली. सी हॉक मात्र गोव्यात, वास्कोजवळच्या नौदल हवाई संग्रहालयात पाहावयास मिळते. वाडा पडल्यावरही त्याची चौकट जपणाऱ्या आपल्या घराण्यांना या साडेसोळा सेंटिमीटरांचे मोल वेगळे सांगावयास नको.