प्रथिनांची खानेसुमारी

'तीन महिन्यांची साखर' हा शब्दप्रयोग कोणा परिभाषा समितीने घडवलेला नाही. नाशिकमध्ये कॅनडा कॉर्नर ते गंगापूर रोडपर्यंतच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये तो रोज ऐकू येतो. रक्त द्यायला आलेल्या आजी तो वापरतात, सुई टोचणारा तंत्रज्ञ वापरतो, डॉक्टरही वापरतात. रिपोर्टवर मात्र 'एचबीएवनसी' छापलेले असते. या चाचणीत मोजतात ते हिमोग्लोबिन नावाचे प्रथिन, आणि त्यातल्या किती रेणूंना ग्लुकोज चिकटले आहे त्याचे प्रमाण. तांबड्या पेशीचे आयुष्य साधारण १२० दिवसांचे. एकदा घट्ट चिकटलेली साखर सहसा सुटत नाही, म्हणून त्या प्रमाणात मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब राहतो. मधुमेहींच्या रक्तातले हे वेगळे हिमोग्लोबिन सॅम्युएल रहबर यांनी १९६८ मध्ये दाखवून दिले. लोकांनी चाचणीतून काळ घेतला, साखर घेतली आणि प्रथिन सोडून दिले. रुग्णाच्या दृष्टीने ही निवड अगदी योग्य आहे. पण जो शब्द सुटला, त्याची कुळकथा पाहण्यासारखी आहे.

१८३८ साली रॉटरडॅममध्ये खेरार्डस मुल्डर हा डच रसायनज्ञ अंड्यातला पांढरा बलक, रक्तातले फायब्रिन अशा पदार्थांचे पृथक्करण करत होता. सगळ्यांत कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांचे प्रमाण जवळजवळ सारखे निघाले. सगळ्यांच्या मुळाशी एकच द्रव्य असावे, असे त्याला वाटले. स्वीडनच्या बर्झेलियसने १० जुलै १८३८ च्या पत्रात त्या द्रव्याला नाव सुचवले 'प्रोटीन'. ग्रीक 'प्रोटेइओस' म्हणजे अग्रस्थानी असलेला. प्राण्यांच्या पोषणातले हेच आद्य द्रव्य, असा त्यामागचा विचार. एकच मूळ द्रव्य असल्याचा मुल्डरचा तर्क पुढे खोटा ठरला, नाव मात्र टिकले.

हिंदीने 'प्रोटीन' तसेच ठेवले. मराठीने 'प्रथिन' केले, आणि मला हा मराठी परिभाषेतला सर्वांत सुंदर शब्दांपैकी एक वाटतो. 'प्रथम'मधला 'प्रथ' आणि रसायनांच्या नावांत येणारा 'इन'. कानाला प्रोटीनच्या जवळचा, अर्थाने थेट बर्झेलियसच्या मनातला. ग्रीक 'प्रो' आणि संस्कृत 'प्र' हे एकाच घराण्यातले, त्यामुळे 'प्रोटोस' आणि 'प्रथम' लांबचे का होईना, भाऊबंदच. हे भाषांतर नव्हे, दुरावलेल्या नातलगांची भेट आहे.

निरनिराळ्या प्रथिनांची नावे मात्र डोळ्यांना जे दिसले त्यावरून पडली. लॅटिन 'आल्बुस' म्हणजे पांढरा, त्यावरून अल्ब्युमिन. 'कासेउस' म्हणजे चीज, त्यावरून केसिन. ग्रीक 'कोल्ला' म्हणजे चिकट सरस, त्यावरून कोलॅजेन. आपले सुतार कातडी-हाडे उकळून केलेला जो सरस वापरत, तो याच कोलॅजेनचा. 'सरस' हा शब्द मुळात फारसी. रसाशी त्याचा संबंध नाही. जर्मनमध्ये अजूनही प्रथिनाला 'आयवाइस' म्हणजे 'अंड्याचे पांढरे' म्हणतात.



आता मोजण्याकडे येऊ. इथे आपली परिभाषा मला अपुरी वाटते. प्रत्येक पद्धतीला ती 'मापन' म्हणून मोकळी होते. मराठीपाशी तर मोजणे, मापणे, तोलणे, जोखणे, अजमावणे असे किती वेगळे शब्द आहेत, आणि प्रथिनांच्या बाबतीत हे वेगळेपण खरोखर उपयोगी पडते.

१८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल याने धान्यातले प्रथिन काढायची पद्धत बसवली. नमुना तीव्र सल्फ्युरिक आम्लात उकळायचा, नायट्रोजन मोजायचा, आणि प्रथिनात सुमारे १६ टक्के नायट्रोजन असतो असे धरून ६.२५ ने गुणायचे. दुधासाठी ६.३८ ने. हे सरळ अजमावणे आहे. 'अजमास' हा शब्द फारसी 'आज़माइश'वरून आला, म्हणजे पारखणे, अंदाज घेणे. अजमासाला फसवता येते. २००८ मध्ये चीनमध्ये बाळांच्या दूधभुकटीत मेलामाइन मिसळले गेले. वजनाच्या ६६ टक्के नायट्रोजन असलेला हा पदार्थ यंत्राला प्रथिनच वाटला. सुमारे ३ लाख बाळे बाधित झाली. अहवालातल्या 'प्रथिन' या शब्दामागे निव्वळ नायट्रोजन उभा होता.

पुढे रंग आले. लाउरी आणि सहकाऱ्यांचा १९५१ चा प्रथिन मोजण्यावरचा निबंध जगात सर्वाधिक उद्धृत झालेला शोधनिबंध आहे. ३ लाखांहून अधिक वेळा त्याचा संदर्भ दिला गेला. १९७६ मध्ये ब्रॅडफर्डने कुमासी ब्रिलियंट ब्लू हा रंग वापरला. प्रथिनाला चिकटला की तो तांबूस-तपकिरीचा निळा होतो, आणि निळा किती गडद त्यावरून प्रथिन किती ते ठरते. कुमासी हे आजच्या घानामधले शहर, अशांती राज्याची राजधानी. ब्रिटिश फौजांनी १८९६ मध्ये ती घेतली, आणि लोकर रंगवण्याच्या एका विलायती रंगाला तिचे नाव मिळाले. जगभरच्या प्रयोगशाळांत 'कुमासी लावली का?' असे विचारतात, तेव्हा एका जिंकलेल्या शहराचे नाव उच्चारले जाते. मला ते विसरता येत नाही.

नाशिकच्या वायनरींतही प्रथिन असेच आडून मोजतात. पांढऱ्या वाइनमध्ये द्राक्षातली काही प्रथिने उरली, तर बाटली गरम झाल्यावर ती साकळतात आणि वाइन धुरकट दिसते. म्हणून बाटलीत भरण्याआधी नमुना तापवून किती गढूळ होतो ते बघतात, आणि बेंटोनाइट मातीने प्रथिने खाली बसवतात.

मास स्पेक्ट्रोमीटर आल्यावर क्रियापद बदलले पाहिजे. तिथे प्रथिनाचे विकराने तुकडे करतात, तुकड्यांना विद्युतभार देतात आणि वस्तुमान व भार यांच्या गुणोत्तरावरून ओळखतात. नेमके प्रमाण हवे असेल तर त्याच तुकड्याची, पण जड कार्बन-नायट्रोजन घालून बनवलेली प्रत ठरावीक मापाने मिसळतात आणि दोघांचे संकेत शेजारी ठेवून बघतात. एका पारड्यात माहीत असलेले, दुसऱ्यात नसलेले: हे तोलणेच. एचबीएवनसीची आंतरराष्ट्रीय संदर्भपद्धतही याच घराण्यातली. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या टोकाचा सहा ॲमिनो आम्लांचा तुकडा विकराने कापतात आणि साखरवाले तुकडे नि बिनसाखरेचे तुकडे यांचे प्रमाण काढतात.

मग सगळीच प्रथिने एकदम मोजायला निघालेल्या शास्त्राला काय म्हणावे? 'प्रोटिओम' हा शब्द मार्क विल्किन्सने १९९४ मध्ये इटलीतल्या सिएनाच्या परिषदेत मांडला, 'जीनोम'च्या धर्तीवर. आपण जीनोमला जनुकसंच म्हणतो, तर प्रोटिओमला प्रथिनसंच म्हणावे. आणि त्याच्या मोजणीला पेशवाईपासूनचा शब्द आहे, खानेसुमारी. फारसी 'खाना' म्हणजे घर, 'शुमारी' म्हणजे गणती. दारोदार जाऊन कोण, किती, हे लिहून घ्यायचे. त्यात मोठ्या वाड्यांमागे झोपड्या झाकल्या जाण्याची अडचण इथेही आहे: रक्तद्रवाच्या एका मिलिलीटरमध्ये अल्ब्युमिन ३५ ते ५० मिलिग्रॅम, तर इंटरल्युकिन-६ सारखे प्रथिन निरोगी माणसात काही पिकोग्रॅम. फरक हजार कोटी पटींच्या घरात. पवईच्या आयआयटीत संजीव श्रीवास्तव यांची प्रयोगशाळा अशी मोजणी करते; पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत महेश कुलकर्णी यांच्या गटाने साखर चिकटलेल्या प्रथिनांचा माग घेतला आहे.

जनुकसंच यकृतात नि डोळ्यात जवळपास तोच असतो. प्रथिनसंच दोन्हीकडे निराळा, आणि उपाशीपोटी वेगळा, जेवणानंतर वेगळा. म्हणून हा शब्द वापरताना कोणाचा, कुठला आणि केव्हाचा, हे तिन्ही सांगावे लागते.