तासाला वर्ग फुटायचा

अकोल्याच्या जठारपेठेतल्या आम्हा पोट्ट्यांना कॉन्व्हेंटमध्ये घालताना आईबापांना दोनच गोष्टी हव्या असायच्या, इंग्रजी आणि शिस्त. येशूच्या प्रार्थनेचं कोणी काढलं की बाबा म्हणत, "देवाचंच नाव घेऊन राहिले ना बाप्पा!" विषय तिथंच संपायचा.

आठवड्यात एका तासाला मात्र वर्ग फुटायचा. कॅथलिक मुलं, बहुतेक रेल्वेवाल्यांची, सिस्टरमागे कोपऱ्यातल्या खोलीत जायची. त्यांना कॅटेकिझम, म्हणजे कॅथलिक धर्मशिक्षण, आम्हाला मॉरल सायन्स. तिकडे सॅक्रमेंट किती, दहा आज्ञा कोणत्या, याची घोकंपट्टी. इकडे प्रामाणिक लाकूडतोड्या. मला त्यांचा हेवा वाटायचा. त्यांच्याकडे पाठ करण्याजोगं, चुकलं तर कान धरता येईल असं काहीतरी होतं. आमच्या पुस्तकात सगळं गोड. राखेच्या बुधवारी एकाच बाकावर एकाच्या कपाळाला राखेचा क्रूस आणि दुसऱ्याच्या कपाळाला देवळातलं गंध असायचं, आणि दोघांनाही गणिताचा मार सारखाच.

ही वाटणी सिस्टरांच्या मर्जीची नव्हती. राज्यघटनेच्या कलम 30 ने अल्पसंख्याकांना स्वतःच्या शाळा काढण्याचा हक्क दिला, आणि कलम 28 ने बजावलं की मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीवाचून मुलाला धर्मशिक्षणाला बसवायचं नाही. वऱ्हाडात या कलमाला वेगळीच धार होती. 1956 च्या नोव्हेंबरपर्यंत अकोला मध्य प्रदेशात, राजधानी नागपूर. त्या सरकारनं 1954 मध्ये मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांची समिती नेमली. तिचा अहवाल 1956 मध्ये आला. मिशनच्या शाळाही तिच्या नजरेतून सुटल्या नाहीत. आणि नेमक्या याच काळात, 1955 साली, अकोला ज्यात येतं तो अमरावतीचा धर्मप्रांत नागपूरमधून वेगळा निघाला, जोसेफ रोझारिओ त्याचे पहिले बिशप झाले. मुहूर्त तर पाहा! आमच्या मॉरल सायन्सचा मिळमिळीतपणा त्या चौकशीच्या धास्तीतून आला असावा, असं माझं मत. पुढे 1965 मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं शिक्षणावरच्या जाहीरनाम्यात बिगर-कॅथलिक मुलं शिकतात त्या शाळाही चर्चला प्रिय असल्याचं म्हटलं. आमच्यासारख्यांची सोय रोममध्येही झाली म्हणायची.

एक गोष्ट मात्र खटकते. गोव्यात फादर स्टीफन्सनं 1616 साली 'ख्रिस्तपुराण' मराठी ओव्यांत छापून आणलं, नव्या ख्रिस्ती लोकांना आपल्या पुराणांच्या चालीवर बायबल ऐकता यावं म्हणून. साडेतीनशे वर्षांनी अकोल्यात कॅटेकिझमची ती खोली इंग्रजीत घोकत होती. दुसरं करणार काय? तिथं तमिळ, मल्याळी, गोवेकर अशी सरमिसळ. मराठी घरचा एकच जण होता. त्याची आजी वैजापूरकडची. तो शाळेत इंग्रजीत पाठ म्हणायचा आणि घरी आजीसोबत रोझरी मराठीत. परीक्षेत सिस्टर त्याचे मार्क कापायच्या, कारण घाईत तो मधेच मराठीवर यायचा.