डेकूपाज

छापील चित्रे कातरून लाकडी वस्तूवर चिकटवण्याची आणि त्यांवर व्हार्निशचे अनेक हात देऊन चित्र व लाकूड एकजीव करण्याची शोभाकला. पेट्या, तबके, आरशांच्या चौकटी, घडीचे पडदे आणि लिहिण्याची मेजे ही तिची पूर्वापार क्षेत्रे. अलीकडे जुन्या फर्निचरला रंग देऊन ते पुन्हा वापरात आणणाऱ्या हौशी मंडळींत ती विशेष रुळली आहे. नवख्याचे लक्ष चित्रावर असते. कामाचा कस मात्र व्हार्निशात लागतो.

इतिहास : या कलेचे मूळ मध्य आशिया किंवा चीनमधील कात्रणकामात शोधले जाते, पण तिथून युरोपपर्यंतचा सलग दुवा दाखवणे कठीण आहे. भक्कम पुरावा मिळतो तो अठराव्या शतकातील व्हेनिसमध्ये. चीन-जपानच्या लाखकामाला युरोपात मोठी मागणी होती आणि ते महाग होते. व्हेनिसच्या कारागिरांनी त्याची स्वस्त नक्कल केली. लाकडावर रंगाचे अस्तर द्यायचे, छापील चित्रे हाताने रंगवून कातरून चिकटवायची आणि वरून सँडरॅक राळेचे व्हार्निश द्यायचे. हा प्रकार ‘लाक्का पोव्हेरा’, म्हणजे गरिबाघरचे लाखकाम, या नावाने ओळखला जातो. बासानो येथील रेमोंदिनी या मुद्रक घराण्याने खास कातरण्यासाठी चित्रांचे ताव छापले. मेंढपाळ, शिकारी, पक्षी, पॅगोडे, छत्री धरलेले चिनी पुरुष अशी सरमिसळ एकाच तावावर असे. चित्रकाराची मजुरी वाचे, म्हणून वस्तू स्वस्त पडे. यांतील चांगले नमुने आज संग्रहालयांत आहेत.

इंग्लंडमध्ये जॉन स्टॉकर व जॉर्ज पार्कर यांचा नकली लाखकामावरील ग्रंथ १६८८ मध्येच निघाला होता. रॉबर्ट सेयर या प्रकाशकाचे ‘द लेडीज अम्यूजमेंट’ (दुसरी आवृत्ती १७६२) घरबसल्या हे काम करणाऱ्या स्त्रियांसाठी होते. त्यात झाँ पिलमाँ व इतरांची सुमारे १,५०० रेखाटने होती. फ्रेंच दरबारातील स्त्रिया नामांकित चित्रकारांची चित्रे कातरीत, अशा कथा सर्वत्र आढळतात. त्या जपूनच घ्याव्यात. मेरी डिलेनी (१७००–८८) यांची कागदी फुले या संदर्भात नेहमी दाखवली जातात. परंतु ती काळ्या कागदावर चिकटवलेली आहेत आणि त्यांना व्हार्निशाचे आवरण नाही, त्यामुळे ती येथे धरलेली नाहीत.

एकोणिसाव्या शतकात रंगीत शिलामुद्रणामुळे तयार कात्रणे विकत मिळू लागली.

कृती : जुने पॉलिश काचकागदाने घासून लाकूड साफ करतात, भोके-चिरा लांबीने बुजवतात. सागवानातील तेलकटपणा व तपकिरी डाग वरच्या पांढऱ्या रंगातून फुटून येतात. म्हणून आधी चपडा लाखेचा एक हात देणे इष्ट. त्यावर रंग. ॲनी स्लोन यांनी १९९० मध्ये ब्रिटनमध्ये आणलेला ‘चॉक पेंट’ फारसे न घासताही धरतो, त्यामुळे हौशी लोकांत तो लोकप्रिय झाला.

कातरताना बाकदार टोकाची कात्री स्थिर ठेवून कागद फिरवतात. पाते किंचित तिरके धरल्यास कड खालून आत कापली जाते आणि कागदाची पांढरी धार दिसत नाही. शाईच्या प्रिंटरवरची चित्रे ओल्या गोंदाने पसरतात. कागदी रुमाल वापरायचा असल्यास छापील वरचा पदरच घ्यावा. पांढरा गोंद पाणी घालून पातळ करतात, चित्र मधून कडेकडे दाबत नेतात. राहिलेला हवेचा फुगा ब्लेडच्या टोकाने चिरून त्यात गोंद सोडतात.

खरे काम यानंतरचे. व्हार्निशचा प्रत्येक हात पूर्ण वाळू द्यायचा. काही हात झाले की बारीक काचकागद पाण्यात भिजवून हलके घासायचे आणि पुन्हा हात द्यायचा. डोळे मिटून बोट फिरवले असता चित्राची कड लागली नाही, तर काम झाले. जुन्या पद्धतीत वीस किंवा अधिक हात सांगितले आहेत. आजच्या घट्ट व्हार्निशाला इतके लागत नाहीत. दोनतीन हातांवर थांबलेल्या वस्तूला मात्र चिकटकाम म्हणावे. पावसाळ्यात दमट हवेत चपडा लाखेचे पॉलिश दुधाळ होते. कोकणपट्टीत हे काम दिवाळीनंतरच काढावे.

भारतात : छंदवर्गांपुरता प्रसार. सावंतवाडीच्या रंगीत पाट-चौरंगांशी याची गल्लत होते, पण तेथील चितारी थेट लाकडावर रंगवतात.

सावधगिरी : घरगुती रंगातील शिशाला ९० पीपीएमची मर्यादा भारतात २०१७ च्या अखेरीस लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसे असू शकते. असा थर कोरडा घासू नये, लहान मुलांना दूर ठेवावे. जुन्या वस्तूंवर रंग चढवावा की नाही, याबाबत संवर्धक व हौशी यांच्यात मतभेद आहेत. प्लायवूड, पाइन किंवा आधीच रंगवलेले कपाट असेल तर हरकत नाही. शिसवी किंवा जुन्या सागवानाची नक्षीदार वस्तू मात्र रंगवू नये. तिच्या रेषांत शिरलेला रंग पुन्हा पुरता निघत नाही.